दिलासा आणि हमी : हलक्याफुलक्या सिनेमाविषयी थोडा विचार

१

‘हलकाफुलका’ हे विशेषण आपल्याकडे सिनेमाला लावलं जातं तेव्हा त्यात थोडं कौतुक असतं आणि थोडी सवलतही असते. सिनेमा चांगला आहे, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, असं ते सवलतीचं बोलणं. समीक्षेनंही या सिनेमाला बहुधा असंच वागवलं आहे. गंभीर चित्रपटावर प्रकरणं लिहिली जातात, गल्लाभरू चित्रपटाचा समाजशास्त्रीय अभ्यास होतो. हलक्याफुलक्या चित्रपटाच्या वाट्याला मात्र एखादा प्रसन्न परिच्छेद येतो. तो पाहून बरं वाटतं, एवढं सांगितलं की समीक्षकाचं काम संपतं. खरं तर तिथून ते सुरू व्हायला हवं. बरं का वाटतं? कुणाला वाटतं? आणि त्या बरं वाटण्याची किंमत सिनेमातलं कुणी मोजत असतं का?

पहिल्या प्रश्नाचं एक सोपं उत्तर आहे: ठरलेल्या साच्यामुळे. शेवट गोड होणार हे आधीच माहीत असतं, म्हणून मधल्या संकटांची मजा घेता येते. मराठी प्रेक्षकाला हा आनंद चांगला ठाऊक आहे. बबन प्रभूंच्या ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ किंवा ‘झोपी गेलेला जागा झाला’ या फार्सना जाणारा प्रेक्षक पुढे काय होणार या काळजीनं खुर्चीच्या टोकावर येत नसे. गोंधळ वाढत जाणार आणि शेवटी निस्तरणार, याची खात्री त्यानं तिकिटाबरोबरच विकत घेतलेली असे. १९८८ सालचा ‘अशी ही बनवाबनवी’ आजही घराघरांत पुन्हापुन्हा पाहिला जातो, संवाद येण्याआधीच म्हटले जातात, ते याच खात्रीमुळे. यात कमीपणा काही नाही. घड्याळाची यंत्रं जुळवावीत तसं फार्सचं काम असतं आणि ते नेमकं जुळवणं फार थोड्यांना जमतं.

पण दिलाशाची आणखी एक जात आहे, आणि ती साच्यातून येत नाही. शेवट काय होईल हे माहीत नसतं, झाला तो शेवट अगदी गोडच आहे असंही म्हणता येत नाही, तरी सिनेमा पाहून उठताना मन निवलेलं असतं. हा दिलासा कुठून येतो, हे शोधण्यासाठी १९७४ ते १९८३ या दशकातल्या चार हिंदी चित्रपटांकडे पाहता येतं: बासू चटर्जी यांचे ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’, आणि सई परांजपे यांचे ‘चश्मेबद्दूर’ आणि ‘कथा’. चारही चित्रपट पुष्कळांनी पाहिलेले आहेत, त्यामुळे कथानकं विस्तारानं सांगत नाही.

२

‘रजनीगंधा’ १९७४ साली आला. आदल्या वर्षी ‘जंजीर’ येऊन गेला होता आणि पुढच्या वर्षी ‘दीवार’ आणि ‘शोले’ येणार होते. हिंदी पडद्यावर संतापाचे दिवस सुरू होत असताना दीपा नावाच्या एका मुलीला दोन पुरुषांपैकी कोण आवडतो हे नीट कळत नाही, एवढ्याच गोष्टीवर बासूदांनी सिनेमा केला. चित्रपट दिग्दर्शनाकडे वळण्याआधी ते ‘ब्लिट्झ’मध्ये व्यंगचित्रकार होते. कमी रेषांत माणूस उभा करायची सवय त्यांच्या चित्रपटांत शेवटपर्यंत दिसते. संजय सिनेमागृहापाशी उशिरा पोचतो, ऑफिसातलं राजकारण आणि आपली बढती यांवर बोलत राहतो आणि दीपा काही सांगत होती हे विसरून जातो. दोन-तीन रेषांत हा माणूस आपल्या ओळखीचा होतो. याच्याशी लग्न करावं की नाही, हा प्रश्नही आपल्या ओळखीचा होतो.

दोन पुरुष आणि एक स्त्री या मांडणीचा साचा हिंदी सिनेमात तोवर पक्का झाला होता. दोघांपैकी एक दुष्ट निघतो, नाहीतर मरतो, नाहीतर त्याग करतो. १९६४च्या ‘संगम’मध्ये एका मित्रानं स्वतःचा जीव दिल्यावरच त्रिकोणाची सरळ रेष होते. या साच्यात स्त्रीनं निवड करायचीच नसते. पुरुषांनी आपसांत हिशेब मिटवला की उरलेला पुरुष तिच्या वाट्याला येतो. ‘रजनीगंधा’त संजय आणि नवीन एकमेकांसमोर येतसुद्धा नाहीत. एक दिल्लीत, एक मुंबईत. दोघांपैकी कुणी वाईट नाही. सगळी घडामोड होते ती दीपाच्या मनात, आणि तीही नोकरीच्या मुलाखतीसाठी ती मुंबईला आल्यामुळे.

टॅक्सीतला प्रसंग अनेकांच्या लक्षात असेल. दीपा आणि नवीन मागच्या सीटवर बसले आहेत, मध्ये थोडं अंतर आहे, तिच्या साडीचा पदर त्या अंतरात आहे. मागे मुकेश यांचं गाणं चालू आहे, ज्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घडत काहीच नाही. नवीन काही बोलत नाही आणि तो बोलेल की काय याची दीपा वाट पाहते. कॅमेरामन के. के. महाजन यांनी तो पदर, तो हात आणि खिडकीबाहेरची मुंबई इतक्या साधेपणानं टिपली आहे की आपणही वाट पाहू लागतो. साच्यातल्या सिनेमात या क्षणी पार्श्वसंगीतानं आपल्याला बजावलं असतं की ही मुलगी आता घसरते आहे. इथे असं कुणी बजावत नाही.

मूळ कथा मन्नू भंडारी यांची, ‘यही सच है’. ती कानपूर आणि कलकत्ता या दोन शहरांत घडते आणि रोजनिशीच्या रूपात लिहिलेली आहे. कानपुरात असताना संजय खरा वाटतो, कलकत्त्यात निशीथ खरा वाटतो. आणि दर वेळी नायिका तितक्याच प्रामाणिकपणे म्हणते की हेच सत्य आहे. शीर्षकातली गंमत आणि धार त्यात आहे. चित्रपटानं शहरं बदलली, निशीथचा नवीन केला, पण ही धार बोथट केली नाही. शेवटी नवीनचं पत्र येतं ते थोडक्यातलं, औपचारिक, नोकरी मिळाल्याचं अभिनंदन करणारं. तेवढ्यात संजय निशिगंधाची फुलं घेऊन दारात उभा राहतो आणि दीपा त्याला बिलगते.

हा शेवट गोड म्हणायचा का? नीट पाहिलं तर अस्वस्थ करणारं बरंच काही त्यात आहे. पत्रात दोन ओळी जास्त असत्या तर काय झालं असतं? संजय एक दिवस उशिरा आला असता तर? त्याची तर उशिरा येण्याचीच ख्याती. दीपाचा निर्णय टपालाच्या वेळापत्रकावर अवलंबून होता असंही कुणी म्हणेल. चित्रपट ते नाकारत नाही. तरीही आपल्याला दिलासा मिळतो, कारण चित्रपटानं एक गोष्ट केलेली नसते: डळमळल्याबद्दल दीपाला शिक्षा दिलेली नसते. तिला रडून पाय धरावे लागत नाहीत, कबुलीजबाब द्यावा लागत नाही, कुणाच्या मरणाचं ओझं वाहावं लागत नाही. मन एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकतं आणि तरी माणूस भला असू शकतो, एवढं ऐकायला मिळणं हा तो दिलासा. साचा निकालाची हमी देतो. ‘रजनीगंधा’ निकालाची हमी देत नाही. माणसाला निकालावरून जोखलं जाणार नाही, याची देतो.

त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार ‘रजनीगंधा’ला मिळाला. प्रेक्षकांना हा दिलासा हवा होता, असं म्हणायला जागा आहे.

३

पण दिलासा कुणाला, हा प्रश्न ‘छोटी सी बात’पाशी येऊन टोचू लागतो. १९७६ सालचा हा चित्रपट १९६०च्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या ब्रिटिश चित्रपटावर बेतलेला आहे. मुखदुर्बळ अरुण, बसस्टॉपवर उभी असणारी प्रभा, पिवळ्या स्कूटरवरून येणारा आगाऊ नागेश आणि खंडाळ्याला बसून जगातल्या भित्र्यांना धीट करणारे कर्नल. नेहमीच्या नायकाची यथेच्छ थट्टा इथे आहे. अरुण सिनेमागृहात बसतो तेव्हा पडद्यावरच्या धर्मेंद्र आणि हेमामालिनीच्या जागी त्याला स्वतः तो आणि प्रभा दिसू लागतात. ऑफिसात हिशेबाच्या कागदांत डोकं खुपसून बसणाऱ्या माणसाला नायकपण किती मोठं होतं, याचा तो विनोद आहे. अमोल पालेकर यांनी तो खांदे किंचित पाडून, नजर चुकवून असा केला आहे की हसताना आपण त्याची बाजू कधी घेतली हे कळत नाही.

आज हा चित्रपट पाहणाऱ्या तरुण मुली मात्र वेगळीच बाजू घेतात, आणि त्यांचं चुकत नाही. अरुण रोज प्रभाच्या मागून चालतो, तिच्या ऑफिसापर्यंत जातो. प्रभाला हे कळतं आणि तिला त्याची गंमत वाटते, अशी सोय पटकथेनं करून ठेवली आहे. पाठलाग करणारा माणूस निरुपद्रवी आहे हे आपल्याला माहीत असतं, कारण आपण त्याच्या घरात, त्याच्या स्वप्नात जाऊन आलेलो असतो. बसस्टॉपवरच्या खऱ्या मुलीला ही माहिती कुठून असणार? साच्याला बाजूला सारताना चित्रपटानं मारामारी सोडली, खलनायक सोडला, पण साच्यातली एक जुनी गोष्ट नकळत जपली: पुरुष मागे लागणार आणि स्त्री शेवटी हसणार.

तरी याच चित्रपटात त्यावरचा एक उताराही आहे. कर्नलसाहेबांनी शिकवलेले सगळे डाव जमायला लागल्यावर, शेवटचा डाव टाकायची वेळ येते तेव्हा तो अरुणच्यानं टाकला जात नाही. प्रभा जिंकायची वस्तू नव्हे, हे त्याला तिथे उमगतं. चित्रपटाचं खरं हलकेपण मला त्या थांबण्यात दिसतं. जिंकण्याच्या विद्येची एवढी तालीम घेऊन नायक ऐनवेळी ती खाली ठेवतो. प्रेक्षकाला विजयाचा जल्लोष हवा असतो आणि मिळतो एका भल्या माणसाचा संकोच. दिलासा आहे तो त्या संकोचात. त्याआधीच्या पाठलागात नाही. दोन्ही एकाच चित्रपटात आहेत हे मान्य करून तो पाहावा लागतो.

४

‘चश्मेबद्दूर’ १९८१चा. दिल्लीतली तीन मुलं, एका खोलीत राहणारी, एका सिगारेटचे झुरके वाटून घेणारी. ओमी आणि जोमो मुलींच्या मागे, सिद्धार्थ अर्थशास्त्राच्या पुस्तकांच्या मागे. ज्या गोष्टीचा ‘छोटी सी बात’ला अंदाज नव्हता, तीच सई परांजपे यांनी चेष्टेचा विषय केली. ओमी आणि जोमो नेहाकडून हात हलवत परत येतात आणि मित्रांना सांगताना त्या फजितीचा फिल्मी प्रणय करून टाकतात. आपल्याला खरं काय घडलं ते दाखवलेलं असतं आणि नंतर त्यांनी रचलेली गोष्टही दाखवली जाते. साचा म्हणजे हरलेल्या पुरुषानं स्वतःची घातलेली समजूत, हे इतक्या हसतखेळत हिंदी सिनेमात क्वचितच कुणी सांगितलं असेल.

सिद्धार्थ आणि नेहा भेटतात ते कामामुळे. ती घरोघर जाऊन चमको साबणाच्या पावडरीचं प्रात्यक्षिक दाखवते. तो टॉवेल भिजवणं, तो फेस, त्यात अवघडून उभा राहिलेला सिद्धार्थ, हे प्रेमप्रसंग म्हणून कुणाला सुचलं नसतं. बागेतल्या उपाहारगृहात वेटर आइस्क्रीमची नावं सांगतो आणि ही दोघं गोंधळून शेवटी टूटीफ्रूटीवर येतात. आजही हा प्रसंग लोक आठवून सांगतात. त्याच बागेत सिनेमातले प्रेमिक उघड्यावर गाणी कशी म्हणत असतील, अशी शंकाही ती दोघं बोलून दाखवतात. पुढे मित्रांच्या खोडसाळपणानं प्रेम मोडतं आणि ते जुळवण्यासाठी मित्र खोट्या अपहरणाचा बेत आखतात, कारण सिनेमात असंच असतं. बेत फसतो, खरे गुंड येतात, आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं चित्रपट त्याच साच्यात शिरतो ज्याची तो इतका वेळ थट्टा करत होता. या भागात चित्रपट थोडा ढिला पडतो, हेही नोंदवायला हवं.

चित्रपटाच्या बाबतीत एक प्रयोग आपोआप घडून आला. २०१३ साली डेव्हिड धवन यांनी त्याचा नवा अवतार काढला आणि ५ एप्रिलला, त्याच दिवशी, मूळ चित्रपटही पुन्हा प्रदर्शित झाला. एकच कथासूत्र, दोन पडदे. नव्या अवतारात दिल्ली जाऊन गोवा आला, आणि गोव्याच्या वाट्याला नेहमीप्रमाणे किनारा आणि सुट्टीच आली. संवादांचा वेग वाढला, प्रत्येक मोकळ्या जागेत एक कोटी भरली गेली. पण सगळ्यात बोलका बदल नायिकेत आहे. मूळ चित्रपटातली नेहा काम करत होती, गाणं शिकत होती. तिच्याकडे पिशवी होती, वेळापत्रक होतं, दार वाजवायचं कारण होतं. नव्या चित्रपटातली नायिका वडिलांनी ठरवलेलं लग्न टाळायला घरातून पळालेली मुलगी आहे. काम गेलं आणि लग्न आलं. साचा कसा परत येतो याचं इतकं नेमकं उदाहरण शोधून सापडणार नाही. मोकळ्या जागा विनोदांनी भरताना नायिकेचा स्वतःचा दिवसही भरून निघून गेला. मूळ चित्रपटात आपल्याला जो निवांतपणा वाटतो, तो या दिवसाच्या असण्यातून येतो: या मुलीला या नायकाशिवायही एक आयुष्य आहे, म्हणून तिचं हो म्हणणं खरं वाटतं.

५

‘कथा’ १९८३ सालचा, ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावर आधारलेला. गोष्ट मुंबईतल्या चाळीत घडते. चाळ म्हटलं की मराठी वाचकाला आधी पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ आठवते आणि हा चित्रपट त्या कुळातलाच आहे: उघडी दारं, सामायिक गॅलरी, प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं माहीत. या चाळीत राजाराम राहतो, बुटांच्या कंपनीत कारकून, सज्जन, दबका. त्याच्याकडे बाशू पाहुणा म्हणून येतो आणि बघता बघता राजारामची खोली, कपडे, कंपनी आणि राजारामला मनातून आवडणारी संध्या, सगळं काबीज करतो. सईंनी इथे एक नामी उलटापालट केली. ‘चश्मेबद्दूर’मधला कासव फारुख शेख यांना ससा केलं आणि कासव नसीरुद्दीन शाह यांना दिलं. बाशूवर आपलाही विश्वास बसतो, तो या चेहऱ्याच्या जुन्या पुण्याईवर.

गोष्ट लहानपणापासून पाठ असल्यानं निकाल ठाऊक असतो: कासव जिंकणार. जिंकतोही. बाशू साखरपुड्याच्या तोंडावर पळून जातो आणि राजाराम पुढे होऊन संध्येला मागणी घालतो. पण संध्या त्याला सांगते की बाशूबरोबर आपण कुठवर गेलो होतो. राजाराम ते ऐकून घेतो, पचवतो आणि मागे हटत नाही. १९८३च्या मध्यमवर्गीय चित्रपटात हे घडणं लहान नव्हतं. डळमळलेल्या दीपाला ‘रजनीगंधा’नं शिक्षा दिली नव्हती, इथे फसलेल्या संध्येलाही मिळत नाही, आणि तिला खोटंही बोलावं लागत नाही.

शिक्षा बाशूलाही होत नाही, हे मात्र बोचतं. तो नव्या कुरणाकडे निघून जातो. साच्यातल्या सिनेमात चाळीतल्या लोकांनी त्याला बदडला असता आणि आपण टाळ्या पिटून घरी गेलो असतो. ‘कथा’ ती सोय देत नाही. शर्यत कासवानं जिंकली, पण ससा हरला कुठे? तो दुसऱ्या शर्यतीत धावतो आहे. पुढच्या काळात अशा सशांचे किती दिवस आले हे आपण पाहिलंच आहे. शिक्षा न देण्याचं धोरण सगळ्यांना सारखं लावलं तर त्याचा फायदा लबाडालाही मिळतो. या प्रकारच्या दिलाशाची ही खरी अडचण आहे, आणि ती मांडण्याचं धाडस त्याच प्रकारातल्या एका चित्रपटानं केलं. त्या वर्षी हिंदीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

६

या चित्रपटांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. हे जग फार छोटं आहे. १९७४च्या मे महिन्यात देशभर रेल्वे कामगारांचा संप झाला. त्याच वर्षीच्या ‘रजनीगंधा’त ऑफिसातलं राजकारण हा संजयच्या बडबडीचा विनोदी विषय आहे. १९८२च्या जानेवारीत मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या चाळी हळूहळू उपाशी पडल्या. पुढच्या वर्षी आलेल्या ‘कथा’तल्या चाळीत त्याचा आवाज पोचत नाही. इथली माणसं पांढरपेशी आहेत, नोकरी गेली तर काय, ही भीती त्यांच्या मनात नाही. बढती मिळेल की नाही, एवढीच चिंता. नोकरीची शाश्वती हीच या दिलाशाची न बोललेली अट आहे.

आक्षेप खरा आहे. त्यावर एवढंच म्हणता येईल की आपलं जग छोटं आहे हे हे चित्रपट लपवत नाहीत. साच्यातला सिनेमा एका माणसाच्या सूडात सगळ्या समाजाचा न्याय झाल्याचा आभास देतो. हे चित्रपट एका बसस्टॉपपलीकडच्या कशाचाही निकाल लावल्याचा दावा करत नाहीत. म्हणून त्यांच्याकडून मिळणारा दिलासा मर्यादित असला तरी खोटा नसतो.

हलक्याफुलक्या चित्रपटासाठी यातून एक कसोटी हाती येते. तो किती हसवतो किंवा शेवट किती गोड करतो, हे पुरेसं नाही. चित्रपटातल्या स्त्रीला चुकण्याची, डळमळण्याची, नाही म्हणण्याची मुभा आहे का, आणि ती वापरल्यावर ती आपल्या नजरेतून उतरत नाही ना, हे पाहायचं. ‘रजनीगंधा’ या कसोटीवर सगळ्यात पुढे आहे. ‘छोटी सी बात’ अर्ध्या वाटेवर थांबतो आणि शेवटी सावरतो. ‘चश्मेबद्दूर’ नेहाला तिचा दिवस देतो. ‘कथा’ संध्येला खरं बोलू देतो आणि मग विचारतो की हीच सूट बाशूला द्यायची का.

घरबसल्या सिनेमा पाहण्याच्या आजच्या दिवसांत मन शांत करणाऱ्या चित्रपटांच्या याद्या तयार मिळतात. त्यातले बहुतेक चित्रपट निकालाची हमी देणारे असतात आणि थकल्या दिवशी तेही लागतात. पण ज्या संध्याकाळी आपलंच मन डळमळलेलं असतं, तेव्हा शेवट माहीत असलेल्या गोष्टीचा फार उपयोग होत नाही. तेव्हा दारात उशिरा पोचणारा संजय आणि दुसऱ्याच्या पत्राची वाट पाहणारी दीपा जास्त कामाला येतात.